पाहुण्यांची खाट आणि चाकांवरचे घर

माझा धाकटा भाऊ आणि भावजय गेली पंचेचाळीस वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात. भावाला चौऱ्याहत्तरावे चालू आहे, भावजयीला एकाहत्तरावे. त्यांच्यापुढे सध्या एक प्रश्न आहे आणि वडील बहीण म्हणून तो त्यांनी माझ्यापुढेही टाकला आहे. त्यांच्याजवळ तीस फूट लांबीचा प्रवासी ट्रेलर आहे. तो विकून सतरा फुटांचा घ्यावा की नाही, असा तो प्रश्न. दूरदेशीच्या दोन वृद्ध माणसांनी कोणती गाडी ठेवावी याची चर्चा ग्वाल्हेरच्या वाचकांपुढे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु त्या ट्रेलरात मी तीन आठवडे राहिले आहे, आणि त्यांचे घोडे जिथे अडले आहे तिथेच आपल्या लष्करातल्या कितीतरी वाड्यांचेही अडलेले मी पाहते. म्हणून माझे मत उघडपणे मांडते.

ही वस्तू काय आहे ते आधी सांगायला हवे. ट्रेलर म्हणजे इंजिन नसलेले, चाकांवरचे घर. मोटारीच्या मागे एक लोखंडी गोळा बसवलेला असतो. त्यावर ट्रेलरच्या दांडीचे तोंड चढवायचे आणि घर ओढीत न्यायचे. आत निजायची जागा, गॅसची शेगडी, फ्रीज, मोरी, संडास, स्वच्छ पाण्याची टाकी आणि सांडपाण्याच्या वेगळ्या टाक्या. मुक्कामाला पोचले की मोटार सोडवून घेऊन गावात बाजारहाट करता येतो. इंजिन असलेल्या मोटारघरापेक्षा याची सोय ती हीच.

अमेरिकेत ही हौस जुनी आहे. १८९६ साली जन्मलेल्या वॉली बायम या गृहस्थाने १९३० च्या सुमारास, मंदीच्या ऐन दिवसांत, असले ट्रेलर बांधायला सुरुवात केली. १९३६ साली त्याच्या एअरस्ट्रीम कंपनीने ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, विमानासारख्या रिव्हेटा मारलेला, गोलसर पाठीचा ट्रेलर बाजारात आणला. १९५९-६० साली बायमने आपल्या गिऱ्हाइकांचा तांडा बरोबर घेऊन केप टाऊनपासून कैरोपर्यंत आफ्रिका पालथी घातली. एवढा प्रवास झाल्यावर १९६१ साली कंपनीने जो नवा ट्रेलर काढला तो होता सोळा फुटांचा! आफ्रिकेतल्या एका छोट्या हरणाच्या स्थानिक नावावरून त्याचे नाव ‘बँबी’ ठेवले, असे कंपनी सांगते. पुढे १९६८ साली कॅनडात विनिपेगच्या रे ओलेको याने फायबरग्लासचा तेरा फुटी ‘बोलर’ काढला. वरचा अर्धा साचा आणि खालचा अर्धा साचा डबीसारखे एकमेकांवर बसवून तो तयार होत असे. या ओलेकोने त्याआधी संडासाच्या फायबरग्लासच्या टाक्या बनवल्या होत्या. हलके आणि न गळणारे पात्र कसे करावे हे तो तिथेच शिकला. तात्पर्य, लहान ट्रेलर म्हणजे ज्याला मोठा परवडत नाही त्याचा, अशी जी एक समजूत असते तिला इतिहासाचा आधार नाही. पुष्कळ हिंडलेल्या माणसांनीही लहानच पसंत केलेले आहेत.

भावाचा ट्रेलर मात्र मोठ्या जातीचा. पुढच्या अंगाला दार लावून घेता येणारी निजायची खोली, मध्ये स्वयंपाकाचा ओटा, जेवायचे टेबल आणि सोफा, आणि मागच्या अंगाला एकावर एक अशा दोन खाटा. त्या खाटा पाहुण्यांच्या. मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडे येतील, देशातून कोणी आले तर त्यांनाही हिंडवून आणता येईल, या विचाराने त्यांनी २००९ साली तो घेतला. २०१४ च्या उन्हाळ्यात खालच्या खाटेवर मी होते. ओहायोहून मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानापर्यंत आम्ही गेलो. त्या प्रवासात माझ्या सुखात काडीचीही उणीव नव्हती. सकाळी उठावे तो समोर बर्फाचे डोंगर, आणि हातात भावजयीने केलेला आले घातलेला चहा.

आता त्या सुखामागचे कष्ट पाहा. भरलेला तो ट्रेलर साडेसात हजार पौंडांचा, म्हणजे चौतीसशे किलोंचा. याच्या दहा ते पंधरा टक्के भार मोटारीमागच्या गोळ्यावर पडायला हवा. बैलगाडीचे सामान लादणारा जे जाणतो तेच इथेही आहे: ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते. फरक एवढाच की ताशी साठ मैलांच्या वेगात उलाळ झालेला ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही रस्त्याबाहेर नेऊ शकतो. म्हणून तो जोडताना वजन पुढच्या-मागच्या चाकांवर सारखे वाटून देणाऱ्या दोन जाड लोखंडी पट्ट्या ताणून बसवाव्या लागतात. २०१४ साली भाऊ हे काम शीळ घालीत करीत असे. आता त्याच्या बोटांचे सांधे धरतात. पट्टी ताणताना निसटली तर हात मोडायचा. शिवाय एवढे ओझे ओढायला मोठा पिकअप ट्रक लागतो. त्यात चढायला भावजयीला पायरी लागते, आणि ट्रेलर जोडून तो चालवायला तिची तयारी नाही. म्हणजे वाटेत भावाला ताप आला तर दोघेही तिथेच अडकणार.

सतरा फुटी, फायबरग्लासचा ट्रेलर भरला तरी सोळाशे किलोंच्या आसपास राहतो. तो मध्यम आकाराची गाडी ओढू शकते आणि भावजय ती चालवू शकते. माझ्या मते ही गोष्ट बाकी साऱ्या हिशेबापेक्षा मोठी आहे.

मुक्कामाच्या जागांचाही विचार आहे. राष्ट्रीय उद्यानांतली आणि सरकारी रानांतली पुष्कळशी मुक्कामस्थाने १९३३ ते १९४२ या काळात, बेकार तरुणांना काम देण्याच्या योजनेत बांधली गेली. त्या काळच्या मोटारी लहान, ट्रेलर त्याहून लहान. झाडे न तोडता दोन झाडांच्या मधून वाट काढलेली. तिथे तीस फुटी घर वळतच नाही. मग मोठा ट्रेलरवाला जातो खाजगी तळांवर, जिथे डांबरी पट्ट्यांवर ट्रेलर ओळीने उभे असतात आणि खिडकी उघडली की शेजाऱ्याची खिडकी दिसते. रान पाहायला दोन हजार मैल जायचे आणि राहायचे मात्र चाळीत, अशी गत होते.

पण लहानाची बाजू घेताना त्याच्या खऱ्या अडचणी झाकून ठेवणे बरे नव्हे. विकणारे त्या झाकतात, म्हणून मीच सांगते. पहिली गोष्ट, लांबी अर्धी झाली म्हणून पेट्रोल अर्धे होत नाही. वेगात खरा विरोध वाऱ्याचा असतो, आणि वाऱ्याला सामोरे जाते ते घराचे तोंड. त्याची उंची-रुंदी फारशी कमी झाली नाही तर बचतही बेताचीच होते. दुसरी, सतरा फूट म्हणून जे सांगतात त्यात पुढची दांडीही पुष्कळदा मोजलेली असते. राहायला मिळतात तेरा-चौदा फूट. तिसरी, लहान ट्रेलर मागे घेणे सोपे नाही. लांब ट्रेलर हळूहळू वळतो, आखूड ट्रेलर चक्राचा जरा स्पर्श झाला की कोनात उभा राहतो. चौथी, ग्लेशियरचा जो प्रख्यात डोंगरी रस्ता १९३३ साली खुला झाला, त्याच्या मधल्या टप्प्यात एकवीस फुटांहून लांब वाहनाला मनाई आहे आणि ती लांबी ओढणारी गाडी धरून मोजतात. तेव्हा तिथे तीस फुटी काय आणि सतरा फुटी काय, दोघांनाही खालीच मुक्काम.

आणखी दोन अडचणी घरातल्या आहेत. पुष्कळ लहान ट्रेलरांत दिवसाचे जेवायचे टेबल रात्री खाली उतरवून त्याचाच बिछाना करतात. जाहिरातीत हे फार चतुराईचे दिसते. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाने रोज रात्री टेबल मोडायचे, रोज सकाळी बिछाना मोडायचा, आणि दुपारी पाठ टेकावीशी वाटली तर पुन्हा तेच करायचे, ही सोय नव्हे, शिक्षा आहे. त्याचप्रमाणे न्हाणी आणि संडास एकाच कोनाड्यात असतात. एकाची अंघोळ झाली की दुसऱ्याला ओल्या फरशीवर पाऊल टाकावे लागते. म्हातारपणी घसरून पडण्यापेक्षा मोठे संकट कोणते?

माझी भावजय या बाबतीत माझ्या भावापेक्षा स्पष्ट बोलते. ती पहाटे चारला उठते, चहा करून घेते आणि वाचत बसते. भाऊ सातपर्यंत निजतो. आज मधले दार लावले की दोघांचेही निभते. सतरा फुटांत दार कुठले? मी फोनवर लहान ट्रेलरचे गुण सांगू लागले तेव्हा ती म्हणाली, “वन्सं, घर लहान झालं की नवरा मोठा होतो!” हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पावसाचे तीन दिवस दोन माणसांनी एका खोलीत काढायचे असतील तर प्रत्येकाला आपली अशी एक बसायची जागा आणि आपला असा एक दिवा हवाच. तेव्हा माझे म्हणणे असे की लहान घ्यावा, पण त्यातल्या त्यात लहान घेऊ नये. कायमचा बिछाना आणि वेगळे टेबल दोन्ही मावतील असा पाहावा. त्यासाठी सतराचे एकोणीस किंवा एकवीस फूट झाले तरी चालतील. आणि विकत घेण्याआधी तसलाच एखादा आठवडाभर भाड्याने घेऊन पावसात राहून पाहावे. ही परीक्षा भावजयीने घ्यावी. ओटा जिच्या हाती आहे तिला विचारल्यावाचून घराची मापे ठरवण्याची आपल्याकडची रीत अमेरिकेत नेण्याचे कारण नाही.

इथवरचा सगळा विचार त्या दोघांनी माझ्याआधीच केलेला आहे. तरीही दोन वर्षे निर्णय होत नाही, याचे कारण मागच्या त्या दोन खाटा. मुले काय म्हणतील? नातवंडे आली तर कुठे निजतील? नातवंडे दोनच उन्हाळे बरोबर आली. आता ती कॉलेजात आहेत, त्यांचे उन्हाळे त्यांचे झाले आहेत, आणि आली तरी सहा फुटी नातू त्या खाटेवर मावायचा नाही. मुलाने तर स्पष्ट कळवले आहे की आम्ही आलो तर शेजारी तंबू ठोकू. तेव्हा उरले पाहुणे कोण? उरले मी. भाऊ म्हणतो, “ताई, तू पुन्हा आलीस तर?”

म्हणून ज्या पाहुण्यासाठी ती खाट राखली आहे त्या पाहुण्यानेच बोलणे प्राप्त आहे. पंधरा वर्षांत त्या खाटेवर माणूस निजला अशा रात्री भावजयीने मोजल्या. साठही भरल्या नाहीत. बाकीच्या रात्री तिथे छत्र्या, जुने कोट आणि लागले तर असावे म्हणून घेतलेल्या खुर्च्या निजतात. आणि त्या खाटा ओढण्यासाठी मोठा ट्रक, त्या ट्रकसाठी भावाचे मनगट. माझ्या प्रवासात मी पाहिले की भावजय रोज एक कुकर, दोन पातेली, एक तवा आणि एक कढई एवढ्यावर तिघांचा स्वयंपाक करते. वरच्या कपाटातला बारा ताटांचा संच तीन आठवड्यांत एकदाही खाली आला नाही. घराचे माप घ्यायचे ते अशा रोजच्या दिवसावरून घ्यावे. सणाच्या, पाहुण्यांच्या दिवसावरून घेतले की बाकीचे दिवस आपण त्या एका दिवसाचे ओझे ओढतो. मी पुन्हा गेले तर मुक्कामाच्या जवळ एखादी खोली भाड्याने घेईन आणि चहाला ट्रेलरात येईन.

ग्वाल्हेरकरांना हे कळायला जड जाऊ नये. आपले लष्कर हे शहर मुळात दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे. १८१० साली ती छावणी इथे पडली आणि पुढे उठलीच नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १८०९ साली, ती फिरती असताना ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी रेसिडेंटबरोबर तिच्यात होता आणि त्याने लिहिलेली पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बिनीवाला पुढे जाऊन महाराजांच्या डेऱ्याची जागा निशाण रोवून ठरवी, त्याच्या धोरणाने बाजारांची निशाणे लागत, आणि दुकानांची सरळ पेठ उभी राही, असे त्यांत वर्णन आहे. मुक्काम बदलला तरी ज्याची त्याची जागा ठरलेली. घरपण त्या ठरलेल्या जागेत होते. आपले आडनाव बिनीवाले म्हणून सांगणाऱ्यांनी हे विसरू नये. छावणी थांबली, कनातींच्या भिंती झाल्या, भिंतींचे चौक झाले, आणि मग माळ्यावर काय काय आहे हे घरातल्या कोणालाही सांगता येईना! तांबे-पितळेचे हंडे, पाटांची चळत, पंक्तीची भांडी. आणि वरच्या मजल्यावर मुले येतील म्हणून वर्षभर कुलूप घातलेल्या खोल्या. ती कुलपे उघडायला सत्तर वर्षांची माणसे गुडघे धरून जिना चढतात.

सगळे मोठे टाकावे असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरी रोज दहा पाने वाढली जातात त्याने मोठे घर अवश्य ठेवावे. पाहुण्याला जागा असणे हा तर आपल्या लोकांचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. परंतु पाहुणचार खाटेत नसतो, यजमानाच्या अंगातल्या ताकदीत आणि उत्साहात असतो. यजमान थकला की खाट रिकामीच राहते.

भावाच्या मनात आणखी एक भीती आहे, आणि ती मला समजते. आज तीसचे सतरा झाले, उद्या सतराचा तंबू होईल, परवा काहीच नाही. म्हणजे ही शेवटाची सुरुवात. यावर माझे उत्तर त्याच्याच वहीत आहे. तो प्रत्येक प्रवासाची नोंद ठेवतो. २०२२ साली तीन प्रवास, २०२३ साली एक, २०२४ साली एकही नाही. ट्रेलर मोठा होता, सुस्थितीत होता, आणि अंगणात उभा होता. मोठा ठेवल्याने जर प्रवास टिकला असता तर गोष्ट वेगळी होती. हातात बळ आहे तोवर आपण होऊन लहान केले तर आणखी सहा-आठ उन्हाळे मिळतील. कोणी बळेच करायला लावीपर्यंत थांबले तर लहान करायचा प्रश्नच उरणार नाही, सगळेच विकून टाकावे लागेल. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांत वाड्याच्या बाबतीत अगदी असेच घडले. म्हाताऱ्यांनी वेळेवर अर्धा भाग सोडला नाही, आणि शेवटी मुलांनी घाईने विकला तो सगळा, देवघरासकट.

ओहायोत हिवाळ्यात पाणी गोठून नळ्या फुटतात. म्हणून थंडीच्या आधी ट्रेलरातले पाणी काढून त्यात न गोठणारा गुलाबी द्रव भरून ठेवतात. भावाने तो या वर्षीही भरला आहे. वसंतात तो धुऊन काढायच्या वेळी गिऱ्हाइके येऊ लागतात आणि किंमतही बरी येते. तोवर त्यांनी ठरवावे. मी दोघांना लिहिले आहे की आधी मागच्या खाटांवरचे सामान उतरवा, त्यातले गेल्या वर्षात हाताला लागलेले तेवढे बाजूला काढा आणि उरलेले वाटून टाका. मग एक आठवडा लहान घरात राहून या. त्यानंतर भावजय हो म्हणाली तर तीस फुटी विकावा. माझी गादी कोणाला हवी असेल त्याला देऊन टाकावी.